तीन जायले, एक यायले

टायर घ्यायला दुकानात जाणारा माणूस सोबत मालकाची चिठ्ठी नेतो. डोमाजी डायवर चिखल नेत असे.

रॉकेलचे चार डबे, वरून कापलेले, काठ हातोडीने दुमडलेले. एकात मूल गावाकडची काळी माती. दुसऱ्यात वैनगंगेची रेती. तिसऱ्यात जंगलातला लाल मुरूम. चौथ्यात कोसमटोल्याच्या धानाच्या बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, चिखल. या चौथ्या डब्यावर ओलं फडकं बांधलेलं असे अन् रस्ताभर तो माझ्या मांडीवर असे. मागचे तीन डबे आडवे झाले तरी डोमाजी बोलत नसे. चौथ्याला धक्का लागला की गाडी थांबवायचा अन् माझ्याकडे असं पाहायचा, जसं मी कोणाचं लेकरू पाडलं.

"मापारी, थे सांभाळ," म्हणायचा. "थे असली हाय."

मापारी म्हणजे मी. चांद्याच्या एका लाकूड ठेकेदाराकडे होतो, त्याला आम्ही सेठ म्हणत असू. जंगलाचा जो तुकडा तोडीला मिळे त्याला कूप म्हणत. तिथं राहणाऱ्या मजुरांना तांदूळ, मीठ, तिखट, तंबाखू मोजून द्यायचं माझं काम. शाळा चौथीपर्यंत. मोजमाप येतं, लिहिणं जसं बोलतो तसं येतं. डोमाजीच्या बाजूच्या सीटवर मी सात वर्षं बसलो. बायकोशेजारीही इतकं बसलो नसेन.

गाडी लढाईच्या सामानातली. पुढे दोघांची जागा, मागे उघडा डाला, अंगावर हिरवा रंग, तो पोपडे धरून निघून राहिलेला. सगळे तिला डिस्पोजल म्हणत. तिचं बाकी सगळं डोमाजीनं देवावर सोडलं होतं. दिवा एक, भोंगा मुका, दार दोरीनं बांधलेलं. पण टायर! टायरचं नाव काढलं की हा माणूस वेगळा होई.

पोरीला स्थळ पाहावं तसा टायर पाही. आधी लांबून. मग जवळ जाऊन बोटाच्या पेरानं ठोके अन् कान लावी. मग नख रुतवी. मग दुकानदाराचं लक्ष नसलं की खाली वाकून रबराला दाढ लावी. कच्चं रबर दाढेखाली कुरकुरते, असं त्याचं म्हणणं. मीही एकदा चावून पाहिलं. मला तर रबरच लागलं.

टायरच्या नक्षीला त्यानं नावं ठेवली होती. उभ्या रेघांचा तो पट्टा. चौकोनी गठ्ठ्यांचा तो चौकडा. अन् जाड दांड्यांचा, मधून दोहीकडे तिरपा फुटलेला, तो कणीस. ज्वारीचं कणीस चेपून ठेवावं तसा त्याचा ठसा मातीत उमटे, टोक एका बाजूला. डोमाजीला कणीस पाहिजे. फक्त कणीस.

अन् त्यातही एक खोडी. चार चाकांपैकी मागचं डावं चाक तो उलटं बसवून घेई. तीन कणसांची टोकं पुढे, एकाचं मागे.

काऊन रे बाबा, विचारलं तर म्हणे, "तीन जायले, एक यायले."

"म्हणजे?"

"जंगलात गाडी जाते सगळ्यायचीच. नाल्यात उतरली का फसते. मंग मागं घ्या लागते. मागं ओढाले एक तरी चाक पायजे का नाई? सगळेच पुढं पाहत राह्यले तं घरी कोन आनन?"

यात थोडं खरंही असेल. आम्ही पन्नास वेळा नाल्यात फसलो अन् पन्नास वेळा निघालो. पण उलट्या चाकानं फसत होतो की उलट्या चाकानं निघत होतो, ते मला सांगता येणार नाही.

दुसरी खोडी बैलांची. समोरून बैलगाडी आली की डोमाजी आपली गाडी रस्त्याखाली उतरवी, इंजन बंद करी अन् तोंड फिरवून बसे. बैल जाईपर्यंत तिकडे पाहत नसे. गाडीवाले हात करायचे, "रामराम डोमाजी!" हा झाडाकडे पाहून म्हणे, "रामराम." बैलांशी त्याचं बोलणं बंद होतं.

त्याचं कारण सगळ्या चांद्याला ठाऊक होतं, तुम्हालाही सांगून टाकतो.

डोमाजीला एकच पोरगी, पारबता. माय तिची लहानपणीच गेली. ह्यानं तिला गाडीत वाढवली म्हटलं तरी चालेल. तिचं लग्न कोसमटोल्याच्या एका शेतकऱ्याच्या पोराशी झालं. माणसं चांगली, दोन बांध्या धान, एक बैलजोडी. लग्न लागलं अन् नवरीला न्यायची वेळ आली तर व्याही म्हणाले, आमच्यात नवरी रेंगीतच जाते. रेंगी म्हणजे छोटी, हलकी बैलगाडी. डोमाजीनं तर सेठच्या पाया पडून डिस्पोजल मागून आणली होती, तिला आंब्याचे डहाळे बांधले होते, बोनेटवर हळदीची बोटं उमटवली होती. तो म्हणाला, माझी पोरगी माझ्या गाडीत जाईल. चांगली घटकाभर बोलाबोली झाली. शेवटी असं ठरलं की पोरगी रेंगीत बसेल अन् बाप गाडी घेऊन मागे येईल.

गावाच्या तोंडाशी बांधीतून वाट होती. आदल्या दिवशी अवकाळी येऊन गेला होता. गाडीला तेव्हा पट्ट्याचे टायर, घासून पार चोपडे झालेले. रेंगी निघून गेली. गाडी बसली. आंब्याच्या डहाळ्यांसकट बसली. सगळी वरात हसून राहिली अन् डोमाजी चाकाखाली आपला नवा दुपट्टा घालून राहिला. मग नवरदेवानंच बाशिंग सरकवून आपल्या रेंगीचे बैल सोडले, गाडीला जुंपले अन् ओढून काढली. व्याही गमतीनं म्हणाले, "व्याहीबुवा, तुमची पोरगीबी आमच्याच बैलानं आनली, अन् तुमची गाडीबी!"

लोक हसले. डोमाजी नाही हसला. गाडीत चढला अन् चाकाला हात लावून बोलला, या गावच्या मातीले मी पाय लावणार नाई.

तेव्हापासून त्यानं पाय लावला नाही. आमचा कूपाचा रस्ता कोसमटोल्याच्या अंगावरूनच जाई, आठवड्यातून एक फेरी. डोमाजी तिथून गाडी नेई, पण उतरत नसे. टायर घ्यायच्या आधी चौथ्या डब्यातला चिखल पाहिजे असला तर मी खाली उतरून भरून आणायचा. हा वरून सांगे, "तिथला नाई. थ्या आंजनाच्या झाडापासचा. जिथी गाडी बसली होती."

मी एकदा म्हटलं, "अरे, पोरगी पन्नास पावलांवर राहते. चिखल नेतोस, तिला भेट की."

"मी पाय नाई लावत," तो म्हणाला. "चाक लावतो."

एवढंच त्याचं त्या गावाशी राहिलं होतं, चाक. अन् ते चाक सेठचं होतं, हे ध्यानात ठेवा. डोमाजी गाडीवर होता म्हणून कोसमटोला त्याच्या रस्त्यावर होता. गाडीवरून उतरला असता तर चांद्यापासून तिथं जायला त्याच्याकडे कोणतंच निमित्त नव्हतं. तो पायी जाणारा माणूस नव्हता.

आमची जायची वेळ पहाटेची. मजूर कामावर निघायच्या आत धान्य पोचवायचं असे, म्हणून कोसमटोला आम्ही कोंबड्याच्या बांगेला मागे टाकत असू. परत यायचो तिसऱ्या दिवशी भर दुपारी, तेव्हा गाव शेतात नाही तर मोहाच्या झाडांखाली. सात वर्षांत पोरगी मला दिसली दोनदा, तीही पाठमोरी.

टोपली मात्र दिसायची.

परतीच्या फेरीत, गावाच्या तोंडाशी, रस्त्यात एक बांबूची टोपली पालथी घातलेली, वर दगड. आमच्या जंगलात वाघाचा पाय उमटलेला दिसला की लोक त्यावर टोपली झाकतात. शिकारी येऊन पाहीपर्यंत ढोरांनी तुडवू नये म्हणून. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा पाय वर घेऊन बसलो. "डोमाजी, वाघ आहे बाबा इकडे."

डोमाजी म्हणजे दगडधोंडे, खोडं, एकदा तर सेठची खुर्ची, कशावरूनही गाडी घालणारा माणूस. त्या टोपलीला मात्र त्यानं असा वळसा घातला की माझ्या बाजूचं चाक पार धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चढलं.

पुढच्या फेरीतही टोपली. त्याच्या पुढच्याही. मी घरी जाऊन बुढीला, म्हणजे बायकोला, सांगितलं, त्या गावाजवळ वाघानं घरच केलं आहे. बुढी तांदूळ निवडत होती.

"जातानी टोपली असते?" तिनं विचारलं.

"नाही. येताना असते."

"नेहमी त्याच जागी?"

"त्याच जागी."

"मंग वाघ नसन," ती म्हणाली अन् सूप पाखडायला लागली. बायकांना वाघातलं काय समजते, असं मी तेव्हा म्हटलं.

आता त्या सालची गोष्ट. पावसाळा संपून रस्ते उघडले होते. बांध्यांत धान पिवळा झाला होता, पण वाटेचा गाळ अजून घोट्यापर्यंत. गाडीचे चारही टायर गेले होते. मागच्या डाव्याची नक्षी तर हात फिरवूनच ओळखावी अशी. सेठ म्हणाला, चार नवे घ्या. आम्ही चार डबे घेऊन चांद्याला रहमानभाईच्या दुकानात आलो.

रहमानभाई चांगला माणूस, पण त्या तीन दिवसांत म्हातारा झाला.

डोमाजीनं डबे ओळीनं मांडले. लोखंडी घमेल्यात एकेका डब्यातली माती काढून पाण्यानं कालवली, भाकरीचं पीठ भिजवावं तशी, बोटानं चाखत. मग टायर उभा करून त्यावर ठेवला. "मापारी, बस वरतं."

"मी काऊन?"

"वजन पायजे. गाडी काई हवेवर चालत नाई."

मी टायरवर बसलो. रहमानभाईनं एका बाजूनं धरलं, डोमाजीनं दुसऱ्या. मी उतरलो की हा खाली बसून मान वाकडी करून ठसा पाही. एक डोळा मिटून. मग उठून सावली पडेल तसा उभा राहून पाही. भर बाजारातला रस्ता. माणसं जमली. कोणी तरी विचारलं, "इस बुढ्ढे को क्यों बिठा रहे हो?" रहमानभाई म्हणाला, "तौल रहे हैं."

पट्टा पाहिला. "हट्. हा तं साप गेल्यासारखा. कोन गेलं का सांगता येत नाई."

चौकडा पाहिला. हा टायर खरंच दणकट होता. मलाही आवडला, बसायलाही बरा. डोमाजी ठशाकडे पाहत राहिला अन् मान हलवली. "हा वाचता नाई येत."

मी चिडलो. सकाळपासून माझं धोतर चिखलानं भरलं होतं. "टायर घ्यायला आलास का पोथी?"

"ज्याले वाचाचं त्याले समजलं पायजे," तो म्हणाला. मला वाटलं, ऊन लागलं.

तिसऱ्या दिवशी नागपूरच्या मालातून कणीस निघालं. चार नग. डोमाजीनं ठोकून पाहिलं, चावून पाहिलं, चौथ्या डब्यातला राखलेला चिखल काढला. मी बसलो, उतरलो. गाळात कणीस असं स्वच्छ उमटलं की दाणे मोजावे. डोमाजीचा चेहरा मी तसा लग्नातही पाहिला नव्हता.

"हेच बसव, भाई. अन् मागचं डावं उलटं."

रहमानभाईनं कपाळाला हात लावला. "मियाँ, पूरा चांदा हँसेगा. नया टायर और उलटा?"

"हसू दे. तीन जायले, एक यायले."

त्यानं चाक उलटं बसवायला घेतलंही. पण तेवढ्यात सेठ आला. तीन दिवस गाडी उभी, कूपात मीठ संपलं असा निरोप आलेला, दुसऱ्या ठेकेदाराच्या दोन गाड्या त्याच रस्त्यावर लागलेल्या. सेठचं डोकं तापलेलं होतं. त्यानं उलटं चाक पाहिलं.

"हे काय आहे?"

"यायचं चाक हाय, सेठजी."

सेठ सगळ्या दुकानासमोर बोलला, "डोमाजी, बहोत झालं तुझं. चाक सरळ कर, नाही तर गाडीवरून उतर. दुसरा डायवर उद्या सकाळी उभा करतो."

डोमाजी माझ्याकडे पाहून राहिला. सात वर्षांत त्यानं माझी गवाही कधी मागितली नव्हती. मी काय बोललो ते सांगतो, लपवून काय करू. मी म्हटलं, "सेठ बरोबर म्हणते. सगळ्यांच्या गाड्या सरळ चाकावरच चालून राहिल्या ना."

डोमाजीनं डोळे खाली केले. "कर भाई सरळ," म्हणाला. अन् चौथा डबा उचलून नालीत उपडा केला.

त्या फेरीला तो बोलला नाही. चांदा ते गडचिरोली नाही, गडचिरोलीपासून पुढे नाही. गाडी मात्र काय चालली! नवे टायर, चारही पुढे पाहणारे. जिथं आम्ही दरवर्षी अर्धा दिवस घालवायचो तो नाला एका दमात पार. मी म्हटलं, "पाहिलं? सरळचं सरळच." कोसमटोल्याजवळ पहाटे आलो तर त्यानं गाडी हळू केली. आंजनाच्या झाडापाशी पार थांबवली, इंजन चालू. मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. अंधारात काय दिसणार. मग गाडी पुढे घेतली.

"भोंगा दुरुस्त करून घ्यायला पाहिजे," मी म्हटलं.

"भोंगा सगळेच वाजवते," तो म्हणाला. तेवढंच बोलला.

दोन दिवस कूपात मोजमाप झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी परत. कोसमटोल्याच्या अलीकडे वळण आहे. वळण घेतलं अन् समोर भर रस्त्यात एक बाई उभी. डोक्यावर पदर, हाती रिकामी टोपली, दुसरा हात आडवा. धान कापून राहिलेली असावी, कमरेला विळा खोचलेला.

डोमाजीनं बिरेक मारला. ऊन नेमकं काचेवर होतं, तिला आत कोण आहे ते दिसत नसावं. ती दुरूनच ओरडली.

"ओ डायवरभाऊ! जरा थांबा जी! तुमच्या आधी या गाडीवर डोमाजी नावाचे होते. त्याईचं का झालं? काल दुसऱ्या गाडीवाला सांगून राह्यला, सेठनं काढलं म्हनते. जित्ते हायेत ना जी? का दुखनं आहे? कुठी राह्यतात आता, थे तरी—"

ती बोलता बोलता दारापाशी आली अन् थांबली.

डोमाजी समोर पाहत होता. दोन्ही हात चाकावर.

"हाय थो," म्हणाला. "अजून हाय."

 पारबता खाली वाकली. मला वाटलं, रडते. ती मागचं चाक पाहत होती.

"मंग चाक काऊन सरळ?"

"सेठनं केलं."

"अन् तुमी करू देलं?"

डोमाजीनं मान माझ्याकडे हलवली. "या मापाऱ्यानंबी हो म्हटलं."

ती माझ्याकडे वळली. "तुमाले का समजते जी चाकातलं?" विळा कमरेलाच होता, तरी मी सरकून बसलो. "बारा दिवस झाले. ह्याईचा ठसा नाई. गाड्या तं जाऊन राह्यल्या, सगळ्या परक्या. परवा पहाटी एक थांबली पन इथी. मी धावत आली तं गेली. ठसा पाह्यला, सरळ. म्हटलं, झालं."

ती टोपलीचा काठ दोन्ही हातांनी चेपत राहिली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं त्या टोपलीखाली वाघ नव्हता. आम्ही पहाटे जायचो तो उलटा ठसा ही पोरगी झाकून ठेवत होती, ढोरांनी, माणसांनी पुसू नये म्हणून. अन् आम्ही परत जाताना यायचा ठसा उमटला की टोपली उचलून घरी नेत होती. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. ह्यानं चाक उलटं केलं, तिनं ओळखलं. तिनं टोपली ठेवली, ह्यानं वळसा घातला. बस. एवढ्यावर दोघांचं वर्षानुवर्षं चाललं होतं, अन् मी मधे बसून वाघाला भीत होतो.

"मापारी," डोमाजी म्हणाला, "जॅक काढ."

"सेठनं म्हटलं आहे की—"

"जॅक काढ गा. अन् बारदाना टाक खाली."

मी मिठाचं रिकामं पोतं चाकाजवळ अंथरलं. तो दाराची दोरी सोडून उतरला तो बरोबर पोत्यावर. शपथ ती शपथ. पोत्यावर बसूनच त्यानं चाक काढलं. नट सुटले की पारबता टोपली पुढे करी, तो त्यात टाकी. पहारी लावून टायर रिमवरून उपसला, फिरवला, उलटा चढवला. उन्हात कपाळाचा घाम डोळ्यांत जात होता. हवा भरायची वेळ आली तर मी पंप घेतला. पारबतानं माझ्या हातून काढून घेतला अन् स्वतः मारू लागली. लहानपणी तिनंच मारला असेल, हात बसलेला होता.

बऱ्याच वेळानं डोमाजी नटाकडे पाहत म्हणाला, "धान कसा हाय?"

"बरा हाय."

"पोरं?"

"दोन. लहानी पोरगी तुमच्यावानी हाय. ज्याले त्याले चावते."

डोमाजीनं पाना फिरवला. मग विचारलं, "बैल?"

पारबताचा पंप थांबला.

"डावा गेला, औंदा पोळ्याच्या आधी."

डोमाजीनं पाना खाली ठेवला. बराच वेळ हात पुसत राहिला.

"चांगला बैल होता," म्हणाला. "एका झटक्यात काढली होती त्यानं."

ती पाणी घेऊन आली. तो गटागटा प्याला. घरी चला असं ती म्हणाली नाही. तिला माहीत होतं, म्हटलं तर हा नाही म्हणेल, अन् एकदा नाही म्हटलं की तेही पाळेल. शेवटचा नट आवळायला डोमाजी पुढे झुकला, जोर लावला, अन् त्याचा उजवा पाय पोत्यावरून खाली गेला. बांधीतली ओली माती, पाय चांगला बोटाबोटांनी रुतला. मी पाहिलं. पारबतानं पाहिलं. त्यालाही समजलं असेलच, पण नट आवळून झाला तरी तो पाय त्यानं तिथून उचलला नाही. नट जितका आवळायचा त्याच्यापेक्षा जास्तच आवळला.

"जातो," म्हणाला.

"येतो म्हना," ती म्हणाली.

"येतो."

गाडी निघाली. वळणावर मी मागे पाहिलं. चाकाचा उलटा ठसा रस्त्यावर ताजा पडला होता, अन् पारबतानं टोपली पालथी घातली होती. पण ठशावर नाही. रस्त्याच्या कडेला, जिथं पोतं होतं तिथं.

मी डोमाजीला सांगितलं नाही. त्याच्या बाजूला एक फुटका आरसा होता, त्यात त्याला दिसलं असेल. सेठलाही कधी कळलं नाही. चिखलाखाली कणीस सरळ का उलटं ते पाहायला वाकावं लागतं, अन् सेठ काही वाकणाऱ्यातला नव्हता.

घरी आलो अन् बुढीला सगळं सांगितलं. मला वाटलं, तिला नवल वाटेल. ती चुलीत फुंकर घालत म्हणाली, "माणूस गेला का त्याच्या मागं लगेच झाडत नाई, त्याच्या पायाचे ठसे पुसल्या जाते. तुमाले हेबी नाई माहीत? मी नाई तुमची गाडी गेल्यावर दुसऱ्या दिसापर्यंत आंगन झाडत?"

मी फेरीवर गेलो की अंगणात कचरा, अन् नंतर शेजारी कोणी सांगे की तुम्ही गेले त्या दिवसभर तसाच होता. मी आल्यावर तिला आळशी म्हणायचो. चारचौघांत म्हणायचो. तिनं कधी उलटून सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी विचारलं नसतं तर तेही सांगितलं नसतं.

डोमाजी अजून गाडीवर आहे. कणीस घासत आलं की डबे भरतो. आता चौथा डबा भरायला तो स्वतः उतरतो, म्हणे तुले चांगला चिखल समजत नाई. नातवाला बैलाशी बोलायला शिकवतो म्हणे, पण ते मी पाहिलं नाही. मी काम सोडलं. बुढी या उन्हाळ्यात गेली.

मी कुठे जात येत नाही फारसा. बाजाराला जातो तेवढाच. निघायच्या आधी अंगण झाडून घेतो, म्हणजे मागे झाडायचं राहत नाही, पाय तसेच राहतात.